गुदाशयाचा एमआरआय: एका मिलिमीटरचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुदाशयाच्या कॅन्सरची बायोप्सी हातात आली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कितवी स्टेज?’ रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्याला निघालेल्या फायलीत त्याचे उत्तर म्हणून अनेकदा फक्त सीटी स्कॅन असतो. सीटी हवाच. यकृतात, फुप्फुसात आजार पोचला आहे का, ते त्यात दिसते. पण गुदाशयाच्या भिंतीचे थर सीटीत वेगळे ओळखू येत नाहीत. आधी ऑपरेशन की आधी किरणोपचार, हे बव्हंशी एमआरआयवर ठरते.

गुदाशयाभोवती चरबीचे वेष्टण असते आणि त्यावर एक पातळ पडदा. सर्जन त्या पडद्याच्या बाहेरून सगळे एकसंध काढतात. गाठ पडद्यापासून १ मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असेल, तर कापलेल्या कडेला कॅन्सर राहून ओटीपोटात पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा वेळी किरणोपचार आणि केमोने गाठ आधी आटवतात. हे अंतर एमआरआय चांगले सांगतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ‘मर्क्युरी’ अभ्यासात ४०८ रुग्णांपैकी ३५४ जणांची कड मोकळी निघाली. त्यातल्या ३२७ जणांबाबत, म्हणजे ९२ टक्के, एमआरआयने ते आधीच बरोबर सांगितले होते.

मात्र चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय पेल्व्हिस’ लिहिले तर हा भरवसा धरता येत नाही. ‘रेक्टल कॅन्सर स्टेजिंग’ असे स्पष्ट लिहावे आणि गाठ गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे तेही द्यावे. छेद ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत, टी-टू चित्रे (एमआरआयचा एक चित्रप्रकार, खाली येणाऱ्या ‘टी-२’ स्टेजशी संबंध नाही) चरबीचा सिग्नल न दाबता काढलेली हवीत, आणि मुख्य म्हणजे छेद गाठीच्या जागी गुदाशयाला काटकोनात हवेत. पडवळ तिरके चिरले की त्याची कड जाड दिसते. तसेच इथेही होते. तिरक्या छेदात भिंतीची कड पुसट होते आणि भिंतीतच असलेली गाठ बाहेर पडल्यासारखी वाटते. दीड टेस्ला (चुंबकाची ताकद) क्षमतेचे मशीन पुरते. या स्टेजिंगला कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन सहसा लागत नाही, तेव्हा ते कशासाठी सुचवले आहे हे जरूर विचारावे.

स्कॅन उत्तम निघाला तरी काही ठिकाणी तो चकतो. गाठीभोवती तंतू धरतात. त्यात कॅन्सरच्या पेशी आहेत की नुसता दाह, हे चित्रावरून नेहमी कळत नाही. त्यामुळे टी-२ ची (भिंतीच्या स्नायूपर्यंतच पोचलेली) गाठ टी-३ (भिंतीबाहेर गेलेली) म्हणून नोंदली जाते. टी-१ (स्नायूपर्यंत न पोचलेली) आणि टी-२ मधला फरक गुदमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत जास्त नीट दिसतो, पण गाठीने मार्ग अरुंद केला असेल तर प्रोब पुढे जात नाही. खालच्या टोकाला, विशेषतः पुढच्या बाजूला, चरबीच इतकी थोडी असते की १ मिलिमीटरचा निवाडा अवघड होतो.

सगळ्यात कच्चा दुवा लसिकाग्रंथींचा. छोट्या ग्रंथीत कॅन्सर असू शकतो आणि मोठी ग्रंथी नुसतीच सुजलेली असू शकते. ९ मिलिमीटर आणि त्यावरची ग्रंथी संशयित धरतात. ५ ते ९ मध्ये गोल आकार, वेडीवाकडी कड, आतला असमान रंग यांपैकी दोन खुणा लागतात. ५ च्या आत तिन्ही. एवढे करूनही चूक होतेच. त्यामुळे रिपोर्टात ‘एन-१’ (जवळच्या ग्रंथींत आजार) वाचून धास्तावण्यापेक्षा तीन गोष्टी शोधाव्यात: पडद्यापासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये, गाठ भिंतीबाहेरच्या रक्तवाहिनीत शिरली आहे का, आणि गाठ खाली असेल तर गुदद्वाराचा स्नायू गाठीपासून मोकळा आहे का. यातले काही लिहिलेले नसेल, तर रेडिओलॉजिस्टकडून पुरवणी रिपोर्ट मागता येतो.

एमआरआय किरणोपचार सुरू होण्याआधीच व्हायला हवा. किरणोपचारानंतर गाठीच्या जागी व्रण उरतो आणि व्रण कुठला, गाठ कुठली हे मूळ चित्रांशी ताडूनच ठरवावे लागते. छापलेल्या फिल्मवर ते जमत नाही. सीडी मागून घ्यावी, ती उघडते का हे सेंटरवरच पाहावे आणि एक प्रत घरी ठेवावी.

– एक रेडिओलॉजिस्ट व एक कॅन्सर सर्जन, रत्नागिरी