माणिकडोहच्या मामांस जाहीर आभारपत्र

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

जुन्नर, आंबेगाव, खेड किंवा शिरूर तालुक्यातून 'बिबट्या जेरबंद' अशी बातमी आली की गाव सुटकेचा निःश्वास टाकते आणि वाचणाऱ्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपतो. त्या जनावराला दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोण ठेवते, त्याच्या जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून पिंजरा दोनदा कोण धुते, त्याने रात्री काही खाल्ले की नाही हे कोण पाहते, यांपैकी काहीच छापून येत नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात तुमच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करण्याची संधी मला मिळाली आणि बातमी जिथे संपते तिथून पुढचे वर्षानुवर्षांचे काम जवळून पाहता आले. त्याबद्दल तुमचे आभार चारचौघांत मानावेत, असे फार दिवस मनात होते. केंद्रात सगळे तुम्हाला मामाच म्हणतात आणि नाव छापलेले तुम्हाला आवडणार नाही हेही मला ठाऊक आहे, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला विचारले होते की ही जनावरे पुन्हा जंगलात का सोडत नाहीत. तुम्ही हातातली बादली खाली ठेवलीत आणि म्हणालात, "कुठलं जंगल? ह्याचा जन्म उसातला." कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्याला लपण, पाणी आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या असे सगळेच मिळाले. 2000 नंतरच्या काही वर्षांत पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले गेले, तेव्हा माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. तो अभ्यास मी नंतर वाचला. त्याचे सार मात्र तुमच्याकडून आधीच ऐकले होते. फासात पंजा गेलेले, वाहनाच्या धडकेने अधू झालेले, दृष्टी गेलेले किंवा आईविना वाढलेले बिबटे केंद्रात का राहतात आणि त्यांचे उरलेले आयुष्य सुसह्य करणे ही कोणाची तरी रोजची जबाबदारी का असते, हे मला तेव्हा समजले.

तुमच्या कामाची शिस्त कुलपापासून सुरू होते. जनावर आतल्या खोलीत गेले आहे हे कोणी सांगितले म्हणून तुम्ही कधीच मान्य केले नाही. स्वतःच्या डोळ्यांनी ते दिसले, सरकते दार पडले, कडी बसली, कुलूप दोनदा ओढून पाहिले, की मगच झाडू उचलायचा. वर्षानुवर्षे हेच काम करणारा माणूस रोज सकाळी नव्याने कुलूप ओढून पाहतो, हे पाहिल्यावर मला दुसऱ्या कोणत्याही सूचनेची गरज उरली नाही.

तथापि मला सर्वांत अधिक शिकवले ते तुमच्या नोंदवहीने. 'खाल्ले' किंवा 'खाल्ले नाही' एवढी नोंद तुम्हाला चालत नसे. किती उरले, काय उरले, हाड फोडले की नुसते चाटले, विष्ठा कशी होती, पाणी किती कमी झाले, हे सगळे तुम्ही लिहीत होता आणि मलाही लिहायला लावत होता. एका थोराड नराच्या पिंजऱ्यात मांसाचे मऊ तुकडे संपलेले असत आणि हाडाचे तुकडे एका कोपऱ्यात तसेच राहत. वजन घटलेले नव्हते, गुरगुरणे नेहमीचेच होते, त्यामुळे कोणालाही त्यात वावगे वाटले नसते. तुम्ही मात्र उरलेले हाड चिमट्याने उचलून उजेडात धरलेत आणि दातांच्या खुणा एकाच बाजूला आहेत, हे मला दाखवलेत. सापळ्यात अडकलेला बिबट्या सुटण्यासाठी गज चावतो, त्यात सुळा तुटतो आणि तुटलेल्या सुळ्याच्या मुळाशी पुढे कधीतरी पू धरतो, हे तुम्ही त्या हाडावरून ओळखलेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याला भूल देऊन तपासले तेव्हा दुखणे नेमके तिथेच निघाले. त्या दिवसाच्या नोंदीत तुम्ही एवढेच लिहिलेत: 'डावीकडून चावत नव्हता. दात काढला.' ज्या शोधाबद्दल दुसऱ्या कोणाचा सत्कार झाला असता, तो तुम्ही दोन छोट्या वाक्यांत मिटवलात.

दोन्ही डोळ्यांनी न दिसणाऱ्या त्या म्हाताऱ्या मादीविषयीही लिहिल्यावाचून राहवत नाही. तिच्या आवारातली पाण्याची कुंडी धुऊन परत ठेवताना जमिनीवरच्या तिच्या जुन्या वळातच ती बसली पाहिजे, यावर तुमचा कटाक्ष होता; लाकडी ओंडका, मचाणाची पायरी, बसायची फळी, कशाचीही जागा वीतभरसुद्धा हलता कामा नये, कारण तिने ते सगळे घर पाठ केलेले होते. तिच्या पिंजऱ्याकडे जाताना तुम्ही लांबूनच बोलायला सुरुवात करत होता, म्हणजे माणूस अचानक जवळ आल्याने ती दचकू नये. पावसापाण्याच्या, पिकाच्या, घरच्या अशा साध्या गप्पा तुम्ही तिच्याशी करत होता आणि ती मान त्या आवाजाच्या दिशेने वळवून शांत बसत असे.

आणि हेच तुम्ही, ऊसतोडीच्या हंगामात बछडी आली की दिवसभर तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. फडात कोयता चालवणाऱ्या टोळीला सरीत पिल्ले दिसतात, काम थांबते, वनविभागाला फोन जातो आणि तपासणीसाठी ती केंद्राच्या ताब्यात येतात. आईला ती परत मिळेपर्यंत त्यांना ऊब आणि गरजेपुरता आहार द्यायचा, पण आपला आवाज, आपला चेहरा आणि आपला लळा द्यायचा नाही, हा तुमचा नियम होता. माणूस आला की पोट भरते, हे एकदा त्या जिवाच्या डोक्यात बसले तर मोठेपणी ते वस्तीकडे निर्धास्त येईल आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागेल. हातात मावणारे, डोळे नुकते उघडलेले पिल्लू समोर असताना गप्प राहणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. तुम्ही ते माझ्याकडून करवून घेतलेत.

माणसाचा हात लागलेले पिल्लू आई स्वीकारत नाही, हा समज मीही लहानपणापासून ऐकत आले होते. तो खोटा आहे, हे मला तुमच्यामुळे पाहायला मिळाले. संध्याकाळी पिल्ले जिथे सापडली त्याच शेतात खोक्यात ठेवली गेली, कॅमेरा लावला गेला आणि सगळे लांब जाऊन थांबले. पहिल्या रात्री आई आली नाही. दुसऱ्या रात्री आली, बराच वेळ खोक्याभोवती फिरली, मग पंजाने ते आडवे केले आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. तिच्याविना ती पिल्ले शिकार शिकली नसती आणि जन्मभर पिंजऱ्यातच राहिली असती. चित्रफीत पाहताना बाकी सगळे आनंदाने बोलू लागले. तुम्ही ती पुन्हा मागे नेऊन पिल्लांची संख्या नीट मोजलीत आणि सगळी गेली याची खात्री झाल्यावर चहा मागवलात.

मामा, तुमचे बोलणे आणि तुमचे न बोलणे, दोन्ही त्या त्या जनावराच्या गरजेतून आलेले होते. तुमच्या स्वतःच्या हौसेला त्यात जागा नव्हती. प्राण्यांवर प्रेम आहे असे मी पूर्वी सहज म्हणत असे. त्या प्रेमाला कामाची रीत तुम्ही दिलीत, याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे. तुम्ही पहाटे डबा घेऊन निघालात की तुमची वाट पाहणाऱ्या घरच्यांचेही मनापासून आभार. मामींनी माझ्यासाठी वेगळी बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा मी विसरलेले नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा येतील आणि केंद्रात हातांची गरज लागेल. केंद्राची परवानगी मिळाली तर तेव्हा मी येणार आहे. माझी कोरी नोंदवही तयार ठेवली आहे. मांस धुण्यापासून कुंड्या घासण्यापर्यंत जे सांगाल ते करीन.

आपली कृतज्ञ,
केंद्रातील एक स्वयंसेविका