मुदतीआधी

सातारा, १५ जून २०२६

चि. मंदार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर "तो मित्र आहे, मी कोर्टात जाणार नाही" असे म्हणून तू विषय संपवलास आणि आईनेही मला गप्प राहण्याची खूण केली, म्हणून लिहीत आहे. तुमची मैत्री तुटावी असे मला मुळीच वाटत नाही. मला काळजी आहे ती मुदतीची. २०२३ च्या गणपतीआधी तू त्याला ३ लाख रुपये हातउसने दिलेस. मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा रकमेचा दावा ती दिल्यापासून ३ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, म्हणजे तुझ्याकडे सप्टेंबरपर्यंतचाच वेळ उरला आहे. त्यानंतर प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी न्यायाधीशांना दावा फेटाळावाच लागतो.

मध्यंतरी त्याने १० हजार रुपये पाठवले, तेव्हा मुदत आपोआप वाढली असे तू धरून चालला आहेस. तसे होत नाही. फेडीची नोंद फेडणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते, आणि देणे मान्य केल्याचा कागदही सहीचा व मुदत संपण्यापूर्वीचा असावा लागतो. "पुढच्या महिन्यात नक्की देतो" हे त्याचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप जपून ठेव, ते पुराव्यात उपयोगी पडतील; परंतु केवळ त्यांच्या भरवशावर सप्टेंबर जाऊ देऊ नकोस. त्याच्याकडून देणे कबूल असल्याचा सही-तारखेचा कागद घे. तो टाळाटाळ करू लागला, तर वकिलामार्फत नोटीस पाठव.

मी पुन्हा कचेरीतल्यासारखा बोलू लागलो, राग मानू नकोस. कोर्टात नाझर असताना हुकूमनामा, म्हणजे बाजूने लागलेला निकाल, हाती असूनही त्याच्या अंमलबजावणीसाठी वर्षानुवर्षे दरखास्त चालवणारी माणसे मी पाहिली, जप्तीवरून रिकाम्या हातांनी परतलेले बेलीफही पाहिले. तरी मनात राहिली ती मेढ्याकडची एक बाई. बैलजोडी विकून तिने नणंदेच्या नवऱ्याला पैसे दिले होते आणि नात्याखातर चार वर्षे थांबली होती. पिशवीत सारे कागद नीट घडी घालून ठेवलेले होते, आणि मुदत गेली हे तिला आमच्या टेबलासमोर कळले. तुझे नाव निघाले की हल्ली ती आठवते.

त्याच्या वडिलांना अतिदक्षता विभागात हलवले त्या रात्री तू घरासाठी साठवलेली रक्कम मागचापुढचा विचार न करता देऊन टाकलीस, हे मला आजही योग्यच वाटते. आईच्या ऑपरेशनच्या रात्री त्याचे वडील आपल्याबरोबर बसून होते, हेही मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच सांगतो की दावा दाखल केल्यावरही तडजोड करता येते. लोकअदालतीत हप्ते ठरवून घेता येतात. त्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. हप्ते थकले तर दरखास्तीला १२ वर्षांची मुदत असते. त्याच्या पगारावर जप्ती आली, तरी पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश त्यातून वगळले जातात, म्हणजे त्याची चूल विझणार नाही. दाव्याआधी लोकअदालतीकडे अर्ज करण्याचीही सोय आहे, पण तिथे तारखा पडत राहिल्या तर सप्टेंबर उलटेल.

मुदतीविषयी पुन्हा लिहायचे नाही असे ठरवून बसलो होतो. पण तू लहानपणापासून स्वतःचे हक्काचे मागायला संकोचतोस, आणि श्वेताला यातले किती ठाऊक आहे हेही मला माहीत नाही. रात्री हेच मनात घोळत राहते.

रक्कम नेमकी कोणत्या तारखेला गेली, हे बँकेच्या उताऱ्यावर पाहून मला आजच कळव. आईने लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे. शनिवारी आलास तर उतारा आणि निरोपांच्या छापील प्रती बरोबर आण.

तुझा,
बाबा