अदृश्य हात एकदाच येतो

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतल्या अर्थविचारांच्या इतिहासावरच्या लेखाने अठराव्या शतकातल्या स्कॉटिश अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथला पुन्हा ‘सगळं बाजारावर सोडा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभं केलंय. तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी असं वाचलं की हात लाल पेनाकडे जातो.

स्मिथच्या 1776 च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या जाडजूड ग्रंथात ‘अदृश्य हात’ (प्रत्येक जण स्वतःचा फायदा बघताना नकळत समाजाचंही भलं होतं, ही उपमा) अवघा एकदा येतो. टाचण्यांचा कारखाना मात्र पहिल्याच प्रकरणात आहे. एक जण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो आणि दहा माणसं दिवसाला 48,000 टाचण्या करतात. इथवर सगळेच सांगतात. पाचव्या भागात हाच स्मिथ लिहितो की, जन्मभर एक-दोन साध्या क्रियाच करणाऱ्याची बुद्धी गंजते. सरकारने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावं. तिथवर वाचतो कोण? (माझेही बरेच विद्यार्थी गाइडवरच पास झाले.)

लेखक स्मिथवरून थेट ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सच्या 1936 च्या ग्रंथावर उडी मारतात. मधली 160 वर्षं गेली कुठे? स्मिथनंतरचा मोठा अर्थतज्ज्ञ रिकार्डो नाही, मार्क्सला जेमतेम एक ओळ. पाणी इतकं गरजेचं असून स्वस्त आणि हिरा महाग का, हे कोडं स्मिथने मांडलं. 1871 मध्ये इंग्लंडचा जेव्हन्स आणि ऑस्ट्रियाचा मेंगर या अर्थतज्ज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे उत्तर दिलं: किंमत ठरते ती शेवटच्या घोटाच्या उपयोगितेवरून, सगळ्या पाण्याच्या नव्हे. पाणी मुबलक, म्हणून तो घोट स्वस्त; हिरे मोजके, म्हणून महाग. या शेवटच्या नगाच्या उपयोगितेलाच ‘सीमान्त’ उपयोगिता म्हणतात; तो शब्द लेखात एकदाही नाही.

पुढचा भाग येणार असल्याचं छापलंय. त्यात निदान मेंगर यावा, ही विनंती.

— एक निवृत्त प्राध्यापक