सूचना : पर्वतीवर आजींची आठवण

सकाळच्या पर्वती गटातील सर्व सभासदांना कळवण्यात येते की, आपल्या आजींच्या स्मरणार्थ येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी जमायचे आहे. त्यांचे चिरंजीव, सूनबाई आणि दोन्ही नाती येणार आहेत.

103 पायऱ्या चढून देवदेवेश्वराच्या आवारात थोडा वेळ बसू. भाषणे नकोत, असे घरच्यांनी मुद्दाम सांगितले आहे. आजींना ती चालतच नसत, मध्येच "आटपा आता" म्हणायच्या. त्यापेक्षा ज्याला जो किस्सा आठवेल तो सांगावा. पायरीवर थांबून मोबाइल बघणाऱ्यांना त्यांनी काठीने बाजूला सारलेले सगळ्यांनी पाहिले आहे (काठी आधारासाठी नव्हतीच). धाकट्या नातीचा कराटेचा पट्टा साडीवर बांधून आल्या होत्या, त्या दिवसाचा फोटो कोणाकडे असल्यास कृपया गटावर टाकावा. घरच्यांना हवा आहे.

हार-फुले आणू नयेत. चहा खाली उतरल्यावर. कप ज्याचा त्याने आणावा. कागदी कप आजींनी कधी चालू दिले नाहीत, आताही नकोत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पायथ्याशीच थांबावे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे दुधाचा अंदाज येईल.