माजी सैनिकांच्या निवासगृहात आधी वाट आखा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ज्या सातारा जिल्ह्यातील एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, तेथेही माजी सैनिकांच्या निवासगृहाचा विषय निघाला की चर्चा खोल्या, भोजनगृह आणि दवाखाना यांपाशीच थांबते. आवाराचे काम इमारत पूर्ण झाल्यावर उरलेल्या पैशांत उरकायचे असे जणू ठरलेलेच असते. मग हिरवळ, ध्वजस्तंभ आणि कडेने शोभेची झुडपे लावली की ते संपले. गुडघे निकामी झालेला किंवा कृत्रिम पायावर चालणारा माणूस तेथे फिरणार कसा, हे कोणी विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खोलीपासून निघून खोलीपाशीच परत येणारी, एकही पायरी नसलेली वाट आधी आखली पाहिजे. चाकाच्या खुर्चीसाठी बारा फुटांस एक फूट उतार चालतो असे मानले जाते. पण स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलणाऱ्या वृद्धाला वीस फुटांस एक फूट हाच उतार सोसतो. सातारच्या डोंगरउतारावर तो साधायचा तर वाट वळणे घेत न्यावी लागते आणि तेवढी जागा इमारतीचा पाया खोदण्यापूर्वीच राखून ठेवावी लागते. दोन खुर्च्या शेजारून जाण्यास सहा फूट रुंदी हवी. गुळगुळीत फरशी पावसाळ्यात शेवाळाने निसरडी होते, म्हणून आपल्याकडचा काळा दगड टाकीने खडबडीत करून वापरावा. बाकांना पाठीबरोबर हातही हवेत, कारण उठताना त्यांच्यावरच भार द्यायचा असतो.

सावलीसाठी करंज उत्तम. जांभूळ आणि उंबर अवश्य लावावेत, पण पडलेल्या फळांवरून पाय घसरतो, म्हणून वाटेपासून दूर. सप्तपर्णीच्या फुलांचा उग्र वास दमेकऱ्यांना सोसत नाही, ती टाळावी.

हिरवळीला लागणारे पाणी मी वाफ्यांना देईन. आपले बहुतेक सैनिक माण-खटावसारख्या भागांतील शेतकरी घरांतले आहेत. दोन-अडीच फूट उंच बांधलेल्या वाफ्यांत त्यांना न वाकता मेथी, गवार, शेवंती लावता येईल.

निविदा काढण्यापूर्वी जागेवर चुन्याची फक्की टाकून वाट आखावी, काही वयोवृद्ध माजी सैनिकांना तीवरून प्रत्यक्ष चालवावे आणि ते जेथे दमून थांबतील तेथे बाकाची जागा धरावी, अशी माझी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक माजी सैनिक, कोरेगाव (जि. सातारा)