पुण्यातल्या पाषाणच्या कार्यशाळेतल्या सोबत्यांचे आभार

नंबर थिअरी (पूर्णांकांचं गणित) आणि रिप्रेझेंटेशन थिअरी (सममिती मॅट्रिक्सच्या रूपात मांडणारं गणित) यांच्या कार्यशाळेत माझ्या लॅपटॉपवर सेजमॅथ हे गणिताचं सॉफ्टवेअर काही केल्या चालेना. शेजारच्या गटातली एक मुलगी आपलं काम बाजूला ठेवून आली आणि ते चालू करूनच उठली. मग प्रत्येक नैसर्गिक संख्येला एक ठरावीक पूर्णांक जोडून देणारं रामानुजनांचं टाऊ फंक्शन पडद्यावर आलं. टाऊ(२) म्हणजे उणे २४. दोनाचा अकरावा घात अधिक एक, २०४९. फरक २०७३, बरोबर ३ गुणिले ६९१! दोनाच्या जागी कुठलीही मूळ संख्या घेतली, तरी या फरकाला ६९१ ने भाग जातोच. त्यामागचं गॅल्वा रिप्रेझेंटेशन, म्हणजे समीकरणांच्या उत्तरांमधली सममिती मॅट्रिक्सच्या रूपात मांडणं, तिनेच फळ्यावर उलगडून दाखवलं. किती सुंदर गणित आहे हे!

आमचा फळा रात्रभर न पुसता ठेवणाऱ्या मावशी, उशिरापर्यंत हॉल उघडा ठेवणारे सिक्युरिटीवाले काका, तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार.