तीन विष्णू महादेव वेगळे करून देणाऱ्या अण्णांना

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

वंशावळीवरच्या तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आता शाईत उतरल्या. विष्णू महादेव तीन निघाले: आजोबा, नातू आणि खालच्या वाडीतला तिसराच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे घरोघरी. मग विष्णूचा महादेव, महादेवाचा पुन्हा विष्णू, म्हणजे एक पिढी सोडून नाव बापाच्या नावासकट परत येतं. ते एकच समजलं की माणूस शंभरी उलटल्यावरही खरेदीखतं करत बसतो!

तुमचा दंडक फार उपयोगी पडला: दर नोंदीला वेगळा कागद, वर नुसता क्रमांक. खाली वाडी, ठिकाणाचं नाव, सर्व्हे-हिस्सा नंबर, बायको, भाऊ, साक्षीदार. यातलं निदान दोन जुळेपर्यंत कागदाला कागद टाचायचा नाही. बायकोच्या नावावर एकट्यावर भिस्त नको, ते लग्नात बदलतं. शिवाय दुसरेपणाची लग्नं होतीच. बापाचं नाव मधेच बदललं तर आधी दत्तकपत्र शोधायचं.

सातबाऱ्याने आम्हाला चकवलंच असतं. मंडळी मुंबईला, वारस नोंद कोण करणार? मयताचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं, म्हणून सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावरून माणूस हयात धरायचा नाही. फेरफारावरची तारीखही नोंदीची, मृत्यूची नव्हे. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, तर पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’.

खरी किल्ली सापडली ती श्राद्धाच्या तिथीत. आजोबांचं वैशाख वद्य पंचमीला, नातवाचं कार्तिक शुद्ध अष्टमीला. उपाध्यायांच्या वहीत दोन्ही वेगळी. मृत्यूच्या नोंदीतली इंग्रजी तारीख त्या वर्षीच्या जुन्या पंचांगात पाहिली की कोणता विष्णू गेला ते कळतं. अमावास्या आली तर मात्र पुरावा कच्चा, कारण तिथी माहीत नसली की श्राद्ध अमावास्येलाच करतात. शकाचं सनात रूपांतर करताना 78 मिळवून थांबायचं नाही, हेही तुम्ही बजावलंत: शके 1812 चा माघ 1891 मध्ये येतो, तिथे 79.

मोडीतलं खोतांकडचं दप्तर तुम्ही वाचून दिलंत, त्याचे तर पैसेही घेतले नाहीत. आंब्याची पेटी पाठवतो आहोत. ती तरी परत करू नका. तिसऱ्या विष्णूचं गोत्र तेच निघालं, पण जोडणारा कागद नाही. त्याची फांदी तुटक रेघेनेच ठेवली आहे.

आपली,
कुलवृत्तांताच्या कामातली मंडळी, राजापूर